चाळीस हजारांचा प्रश्न

दापोली तालुक्यातील बुरोंडी हे समुद्राच्या कुशीत वसलेले गाव. शेजारी लाडघरचा किनारा, बंदरात मासेमारीच्या होड्या आणि बाराही महिने वाहणारा खारा वारा. या वाऱ्याने दाराचे कडी-कोयंडे गंजतात, दुकानातील लोखंडी वजनेही तांबूस होतात. अशा गावी दुकानामागच्या माजघरात वीस वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर, दोन स्पीकर आणि सीडी प्लेअर असलेले एक व्यापारी कुटुंब कल्पावे. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपले की आजोबांनी जुनी नाट्यगीते लावावीत, हा घराचा नित्यक्रम. अलीकडे मात्र आजोबा त्या खोलीत बसेनासे झाले आहेत. ‘स्वर येतो, पण शब्द कळत नाहीत,’ एवढेच ते म्हणतात. पुण्यास शिकणारा नातू सुटीत येतो आणि निदान करतो : ‘डॅक’ बदलला पाहिजे. किंमत चाळीस हजार. गादीवर बसलेले वडील विचारतात, ‘या चाळीस हजारांत नेमके काय पदरात पडणार?’

प्रश्न रास्त आहे. असा प्रश्न आज अनेक घरांत निघतो. म्हणून त्याचे उत्तर शांतपणे पाहणे इष्ट ठरेल.

‘डॅक’ म्हणजे डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर. आकड्यांचे पुन्हा ध्वनीच्या विद्युत्लहरींत रूपांतर करणारे यंत्र. सीडीवर गाणे आकड्यांच्या रूपाने असते. प्रत्येक सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीचे माप घेतलेले असते आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर नोंदलेले असते. यामुळे ध्वनी तुटक होतो, अशी समजूत प्रचलित आहे. ती खरी नव्हे. मापांचा वेग ध्वनीतील सर्वोच्च कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक असेल, तर मूळ लहर अखंड स्वरूपात परत मिळवता येते, हे क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या सिद्धांताने दाखवून दिले. निरोगी तरुण कानाची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ. म्हणून ४४,१०० मापे पुरतात.

डॅक केवळ स्वतंत्र पेटीतच असतो असेही नाही. सीडी प्लेअर, दूरचित्रवाणी संच, लॅपटॉप, फोनला जोडायची चार अंगुळांची तार, या प्रत्येकात तो असतोच. ब्लूटूथने गाणे पाठवले, तर फोनमधील डॅक कामालाच येत नाही; रूपांतर स्पीकरमध्ये किंवा ग्राहक-यंत्रात होते. तेव्हा ‘डॅक घ्यावा का’ असे न विचारता ‘घरातल्या डॅकमध्ये कोणती उणीव ऐकू येते’ असे विचारणे अधिक योग्य.

सीडी १९८२ साली जपानात बाजारात आली, तेव्हा ही यंत्रे महाग होती आणि त्यांच्यात फरकही होता. चाळीस वर्षांत हे तंत्र इतके परिपक्व झाले की काही हजार रुपयांच्या यंत्राचे दोषही कानाच्या मर्यादेखाली गेले. अमेरिकेतील ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या मापात उतरवलेले ध्वनिमुद्रण श्रोत्यांना न सांगता ऐकवले. ५५४ वेळांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडवूनही तेवढेच आले असते.

यंत्रात कोणती चिप आहे, यावर विक्रेते भर देतात. २० ऑक्टोबर २०२० रोजी जपानमधील नोबेओका येथे आसाही कासेई समूहाच्या चिप-कारखान्यास आग लागली. तेथील नामांकित चिपांचा तुटवडा पडला आणि अनेक उत्पादक दुसऱ्या कंपनीच्या चिपांकडे वळले. श्रोत्यांचे संगीत त्यामुळे बिघडले नाही. चिपइतकेच महत्त्व तिच्याभोवतीच्या मंडलाला आणि वीजपुरवठ्याला असते.

मग नवा डॅक कधी घ्यावा? लॅपटॉपच्या जोडणीतून खरखर येत असेल, संचात घुंई असा आवाज राहत असेल, दूरचित्रवाणीस केवळ प्रकाशतारेची जोडणी असेल किंवा जुना प्लेअर बंद पडला असेल, तर खर्च सार्थ आहे. प्रकाशतारेतून वीज वाहत नाही, त्यामुळे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधील फरकाने येणारी घुंई तिथे थांबते. घेताना सुमारे दोन व्होल्टचे निर्गत, आवश्यक त्या जोडण्या, पक्के बिल आणि देशातच दुरुस्तीची सोय, एवढे पाहावे.

पैसे मोजण्यापूर्वी घरीच परीक्षा घ्यावी. अधिक मोठा आवाज कानाला अधिक चांगला वाटतो. दुकानात हीच फसगत होते. म्हणून एकाच स्थिर स्वरावर स्पीकरच्या टोकांशी मल्टिमीटर लावून दोन्ही यंत्रांचा व्होल्टेज एक टक्क्याच्या आत जुळवावा. मग तिसऱ्या माणसाने नाणे उडवून, ऐकणाऱ्यास न दिसेल अशा रीतीने यंत्र बदलावे. १६ वेळांत १२ किंवा अधिक वेळा ओळखले, तर फरक खरा मानण्यास आधार आहे. केवळ नशिबाने असे शंभरात चारच वेळा घडते. डोळे मिटून मालाची प्रत ओळखणाऱ्या व्यापाऱ्यास ही रीत नवी नाही.

आता पुन्हा त्या माजघरात येऊ. खाऱ्या दमट हवेत जोडण्यांच्या धातूवर हिरवट थर चढतो आणि आवाज मंद किंवा एकाच बाजूने येतो. संच बंद करून त्या टोकांची आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छता करणे हा पहिला उपाय; खर्च शे-दोनशे रुपये. स्पीकरच्या पडद्याभोवतीची फोमची कडा वीस वर्षांत भुसभुशीत होते. ती बदलता येते. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली परिसरात दीर्घकाळ वीज नव्हती. अशा भागात चांगले अर्थिंग आणि विजेच्या चढउतारापासून संरक्षण यांवरील खर्च डॅकआधी येतो. १९२५ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांत तर उंच स्वरांचे अंश मुळात उतरलेलेच नाहीत. जे भांड्यात नाही ते कोणतेही यंत्र पळीत आणू शकत नाही.

इतके करूनही आजोबांना शब्द कळत नसतील तर? वाढत्या वयात कानाची उंच स्वर टिपण्याची शक्ती प्रथम ओसरते. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने त्याच पट्ट्यात असल्याने स्वर ऐकू येतो, शब्द निसटतो. आजोबांचे गाऱ्हाणे अक्षरशः हेच होते. चाळीस हजारांचे यंत्र आणूनही ते त्या खोलीत परतले नसते, आणि घरच्यांनी ‘एवढे आणले तरी यांचे समाधान नाही’ असे म्हटले असते.

म्हणून अशा घराने प्रथम जोडण्या पुसाव्यात आणि मग आजोबांना श्रवणतपासणीस न्यावे. घरातील माणूस गाण्यापासून दूर होतो तेव्हा तो हळूहळू बोलण्यापासूनही दूर होत असतो. श्रवणयंत्राची गरज वेळीच कळली तर दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. त्यानंतरही नातवाला नव्या यंत्राची हौस असेल, तर काही हजारांत ती भागेल. उरलेल्या रकमेचा विनियोग कुठे करावा, हे गादीवरच्या वडिलांना सांगावे लागणार नाही.