विश्लेषण : प्राण्यांच्या आधीच आला होता पेशी जोडणारा ‘डिंक’!

ज्वारीचे पीठ जुने झाले की भाकरी थापतानाच फाटते. ‘पिठाची विरी गेली’ हे वाक्य परभणी जिल्ह्यातील पोखर्णीत काय किंवा आणखी कुठे काय, चुलीपाशी बसणाऱ्या कुणालाही समजावे लागत नाही. पीठ तेच असते, फक्त कण एकमेकांना धरत नाहीत. माणसाच्या शरीरातील लाखो कोटी पेशींचेही असेच आहे. त्यांची विरी म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील चिकटणारी प्रथिने. ही प्रथिने आली कुठून, या प्रश्नाचे उत्तर गेल्या दोन दशकांत बरेच स्पष्ट झाले आहे आणि ते अपेक्षेपेक्षा वेगळे निघाले.

पेशी एकमेकींना कशा धरतात?

१९०७ मध्ये अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ एच. व्ही. विल्सन यांनी जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून काढला. सुट्या झालेल्या पेशी भांड्याच्या तळाशी सरकत पुन्हा एकमेकींना बिलगल्या आणि त्यांतून नवे स्पंज तयार झाले. ही ओढ कशामुळे, हे कळायला आणखी सात-आठ दशके लागली. जपानचे मासातोशी ताकेइची यांनी दाखवले की कॅल्शियम काढून घेतले की पेशींची पकड सुटते. त्या प्रथिनाला ‘कॅडहेरिन’ हे नाव कॅल्शियमवरूनच पडले.

ही पकड सुटली तर काय होते, हे रुग्णालयात दिसते. पेम्फिगस या आजारात शरीराची स्वतःचीच प्रतिपिंडे कॅडहेरिनच्या कुळातील डेस्मोग्लेइनवर हल्ला करतात. त्वचेच्या पेशी सुटतात, अंगावर आणि तोंडात फोड येतात. अनेक कर्करोगांत ई-कॅडहेरिन घटले की पेशींना मूळ गाठ सोडून पसरणे सोपे जाते.

मग हा डिंक प्राण्यांनी शोधला का?

नाही. कोॲनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव गोड्या आणि खाऱ्या पाण्यात राहतात. एक शेपटी, तिच्याभोवती कॉलर आणि त्या कॉलरमध्ये अडकणारे जिवाणू हे त्यांचे अन्न. ते ना प्राणी, ना वनस्पती. पण प्राण्यांचे सर्वांत जवळचे हयात नातेवाईक. (पोखर्णीच्या नृसिंहाला जाणाऱ्यांना ‘हाही नाही, तोही नाही’ असे रूप नवे नाही.) २००८ मध्ये निकोल किंग आणि सहकाऱ्यांनी यांपैकी ‘मोनोसिगा ब्रेव्हिकोलिस’चा जीनोम प्रसिद्ध केला. त्यात कॅडहेरिनची २३ जनुके निघाली. ज्या जीवाला शेजारीच नाही, त्याला हात धरायची प्रथिने कशाला? यांतील काही प्रथिने कॉलरवरच सापडतात. म्हणून त्यांचे काम जिवाणू पकडण्याचे असावे, असा अंदाज आहे. पुढे २०१० मध्ये ‘कॅप्सास्पोरा’ या दुसऱ्या एकपेशीय जीवात इंटिग्रिनही सापडले.

म्हणजे भक्ष्य धरण्याचे अवजार पुढे शेजारी धरायला वापरले गेले असावे. अर्थात जुने सामान जसेच्या तसे चालले नाही. कॅडहेरिनचे पेशीच्या आतले टोक बीटा-कॅटेनिनला बांधणारी जोडणी कोॲनोफ्लॅजेलेटमध्ये नाही. ती प्राण्यांत दिसते, अगदी स्पंजातही. नवे काही असेल तर ते या जोडणीत आहे.

महाराष्ट्राचा यात काय संबंध?

बराच. मुंबई बेटावरील तलावांतील गोड्या पाण्याच्या स्पंजांचे वर्णन हेन्री जॉन कार्टर या सैन्यातील शल्यचिकित्सकाने १८४९ मध्येच केले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी यांच्या गटाने हायड्रावर वर्षानुवर्षे काम केले. ‘हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे’ हे नाव त्याच संशोधनातले. हायड्राच्या पेशीही सुट्या केल्या तर पुन्हा जुळून हायड्रा बनतात.

खरी चिंता पाठ्यपुस्तकाची आहे. एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला आणि धड्याचे नाव फक्त ‘आनुवंशिकता’ उरले. २०२३ मध्ये १८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी त्याविरोधात पत्र लिहिले. ओझे कमी करायचे होते आणि बारावीच्या जीवशास्त्रात विषय आहेच, हे समर्थन लंगडे आहे. दहावीनंतर कला, वाणिज्य किंवा आयटीआयला जाणारा विद्यार्थी बारावीचे जीवशास्त्र उघडतच नाही. स्पंज आणि माणूस यांचे नाते शिकवलेच नाही, तर कर्करोगाचा अभ्यासक स्पंजाकडे का पाहतो, हे त्याला कसे कळावे?

राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ मध्ये ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. राज्यात सीबीएसई धर्तीचा अभ्यासक्रम पहिलीपासून टप्प्याटप्प्याने वर सरकतो आहे. तो दहावीपर्यंत पोहोचेल तेव्हा या शीर्षकातील दुसरा शब्द जागेवर राहिला पाहिजे आणि पालकांनी, शिक्षकांनी ते आतापासूनच विचारायला हवे. धड्यात एका प्रयोगाचीही भर घालता येईल. संथ पाण्यातील पाणवनस्पती काचेच्या बरणीत ठेवल्या तर त्यांना चिकटलेला हायड्रा साध्या भिंगातूनही दिसतो.