घरातील चूल : रविवारचा घाट

"आज नुसती खिचडी केली तर चालेल का?" हा प्रश्न ज्या घरात दिवेलागणीस चाचरत विचारला जातो, त्या घरात कोठे तरी चुकत आहे, असे माझे मत झाले आहे. हे मत मला फुकट मिळालेले नाही. त्यापायी किलोभर तूप आणि तीन दिवसांचा अबोला खर्ची पडला.

२०२३ सालच्या अधिक श्रावणात लेक-जावई धोंड्याच्या जेवणास यावयाचे होते. आम्ही माजलगावकर, या महिन्याचे अगत्य आम्हांस थोडे अधिकच, कारण गोदाकाठचे पुरुषोत्तमपुरी आमच्याच तालुक्यातले. रामचंद्रदेव यादवाचा शके १२३२ चा, म्हणजे इ. स. १३१० चा, ताम्रपट येथलाच. अधिक मासात येथे दर्शनास रीघ लागते व पुरणाच्या धोंड्यांचा नैवेद्य होतो. तेव्हा जावयास द्यावयाचे तेहतीस अनारसे विकतचे आणावयाचे नाहीत, असा मी पण केला.

पण केला तो रविवारचा. चूल मात्र रोजचीच राहिली. दोन भाज्या, आमटी, कोशिंबीर यांत एकही पदार्थ कमी करावयाचा नाही. सूनबाई शाळेत शिकवितात, सहा वाजता घरी येतात. बुधवारी मी अनारशाचे पीठ चाळीत असता त्यांनी वरील प्रश्न विचारला आणि मी म्हटले, "तुम्हांस जड जात असेल तर मी करीन हो." असे वाक्य सासूने सौम्य स्वरात उच्चारले म्हणजे अधिकच लागते, हे मला सासुरवाशीण असताना ठाऊक होते, पुढे विसरले. त्याच धांदलीत गूळ न तोलता अंदाजाने घातला. रविवारी पहिला अनारसा तुपात सोडला तो हसला, दुसराही हसला, पाहता पाहता कढईत नुसता गाळ झाला. जावयास अखेर दुकानचेच अनारसे दिले. सूनबाई काही बोलल्या नाहीत. मलाच बोलावयास तीन दिवस लागले.

त्याच दिवाळीस आम्ही दोघींनी बसून आठवडा नव्याने मांडला. अनारशाचे काम वस्तुतः रविवारचे नव्हेच, ते आठ दिवसांचे आहे. आदल्या रविवारी रात्री जुने तांदूळ धुऊन भिजत घालावे. सोमवारी व मंगळवारी नुसते पाणी बदलणे, म्हणजे पाच मिनिटांचे काम. त्या दिवशी भाकरी-पिठले किंवा वरणफळे सुखाने होतात. बुधवारी तांदूळ उपसून सावलीत फडक्यावर पसरावे, ओलसर असतानाच दळावे, बारीक चाळावे आणि किसलेला गूळ पिठाच्या पाऊणपट तोलून, चमचाभर तूप घालून गोळा डब्यात दाबून ठेवावा. मूठभर पीठ मात्र गुळाविना निराळे राखावे. अनारसा हसू लागला तर तेच मळून गोळा सावरता येतो. हे मी पूर्वी केले असते तर तूप वाचते.

बुधवारची रात्र खिचडीची. ती ठरलेलीच असल्यामुळे कोणी कोणास विचारावयाचे नाही. मुगाच्या खिचडीवर तूप, शेजारी भाजलेला पापड व ताक. यजमानांच्या कपाळास पहिले दोन बुधवार आठ्या पडल्या. तिसऱ्या बुधवारी पापड त्यांनीच भाजले.

गुरुवारी येसराची आमटी. आमच्या मराठवाड्यात येसर नसेल ते घर विरळा. हरभऱ्याची डाळ, गहू, बाजरी, तांदूळ, धणे, जिरे, मिरच्या हे वेगवेगळे खमंग भाजून दळून ठेवले म्हणजे कित्येक आठवडे पाहावयास नको. पाण्यात कालवून फोडणीस घातले, चिंच-गूळ टाकला, दोन उकळ्या आल्या की झाली आमटी. मोठा घाट घालावयाचाच असेल, तर प्रथम येसराचाच घालावा, असे मी नवशिक्या भगिनींस सांगेन. एका रविवारचे श्रम पुढील पुष्कळ संध्याकाळी परत मिळतात. अनारशाचे तसे नाही, ते खाल्ले की संपले!

शनिवारी संध्याकाळी उरलीसुरली भाकरी कुस्करून फोडणीस टाकावी. रविवारी गोळा दुधाच्या हाताने मळून, खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तळावा. उलटावयाचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवावे. दिवाळीस आमच्याकडे तळणीवर सूनबाई होत्या. मी थापून देत होते. पहिल्या अनारशाच्या वेळी दोघींपैकी कोणीही श्वास घेतला नसावा. जाळी पडलेली दिसली तेव्हा त्या म्हणाल्या, "आई, आता रात्री खिचडीच ना?"

२०२६ सालचा अधिक मास ज्येष्ठाचा, १७ मे ते १५ जून, म्हणजे बीडकडच्या ऐन उन्हातला. ज्या भगिनी त्या महिन्यात अनारशाचा घाट घालतील, त्यांनी तांदळाचे पाणी सकाळ-संध्याकाळ दोन वेळा बदलावे आणि गोळा फ्रिजमध्ये ठेवावा. नाहीतर पीठ आंबते.