गाडी बदलावी लागते

नागपूर–छिंदवाडा ही अडीच फुटी रुळांची रेल्वे २०१५ साली बंद झाली. तोवर सौंसरचे उतारू इतवारीस उतरत आणि पुढच्या प्रवासाला मोठ्या रुळांची गाडी धरत. डबा पुढे जात नसे, माणसे जात. गेल्या श्रावणात आम्हांस त्याची आठवण झाली.

आमच्या एका दिवंगत स्नेह्यांची कन्या एक पिवळट पडलेले यंत्र आणि नऊ कॅसेटी घेऊन दारी आली. यंत्र होते बीबीसी मायक्रो. १९८१ साली ब्रिटनमध्ये निघालेले हे यंत्र १९८४ पासून केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून आपल्याकडील शाळांत पोहोचले. स्मृती अवघी ३२ किलोबाइट! स्नेह्यांनी मोडीत निघालेले एक विकत घेऊन त्यावर सौंसर-पांढुर्ण्याकडील बोलीचे शब्द टंकून ठेवले होते. मूळ वह्या वाळवीने खाल्ल्या.

“काका, बाबांचं ह्यातलं काही निघेल का हो?”

यंत्र उजळेना. ते चालते तर मागच्या सिरियल खोबणीतून तार काढून मजकूर सरळ पीसीला देता आला असता. उरली कॅसेट. तिच्यावर अक्षरे म्हणजे निव्वळ सूर: शून्यासाठी १२०० हर्ट्झचे एक आवर्तन, एकासाठी २४०० हर्ट्झची दोन. एका अक्षरास असे दहा अंक लागतात. म्हणजे सेकंदास फार तर १२० अक्षरे. टेपरेकॉर्डरच्या इअरफोनच्या छिद्रातून तार पीसीत घालून ते किंचाळणे आम्ही ध्वनिफाईल म्हणून उतरवून घेतले. सूर ओळखून अक्षरे जुळवणारी प्रणाली विनामूल्य मिळते. ती आमच्या अकरावीतल्या एका विद्यार्थ्याने चालवली.

पहिल्या दिवशी आम्ही आवाज पूर्ण चढवला. मास्तरकीची सवय, दुसरे काय! लहरींचे शेंडे छाटले गेले आणि हाती कचरा आला. दुसऱ्या दिवशी आवाज निम्म्यावर आणला. नोंद २५६ अक्षरांच्या खंडांत असते, आणि प्रत्येक खंडाअखेर पडताळ्याचा आकडा असतो. तो जुळला नाही तर तेवढाच भाग पुन्हा वाजवायचा. सातव्या कॅसेटीपर्यंत आम्हांस हे अंगवळणी पडले.

पडद्यावर ‘सांबार’ उमटला, पुढे अर्थ: कोथिंबीर. कन्येने डोळ्यांस पदर लावला.

मात्र सारे रोमन लिपीत! ‘वाट’ आणि ‘वात’ एकाच वेशात. ‘पोट्टा’ की ‘पोत्ता’ हे यंत्र काय सांगणार? आता दर रविवारी ती बाई आठवणीतून उच्चार सांगते आणि आम्ही देवनागरीत लिहून घेतो. काही शब्दांपाशी दोघेही अडतो. मग शेजारच्या आजीबाईंना हाक जाते.

नवव्या कॅसेटीतले दोन खंड अद्याप जुळलेले नाहीत. येत्या रविवारी फीत पुन्हा लावायची आहे.