फिगर स्केटिंगमधील वेशभूषा

फिगर स्केटिंगमधील वेशभूषा म्हणजे बर्फावरील या क्रीडाप्रकारात स्पर्धक आपल्या सादरीकरणासाठी परिधान करतात तो पोशाख. तो एकल, जोडी व आइस डान्स या तिन्ही विभागांत संगीताचा भाव, नृत्यरचना आणि व्यक्तिरेखा प्रेक्षकांपर्यंत पोहोचवण्यास साहाय्य करतो. गुणदान पद्धतीत वेशभूषेसाठी स्वतंत्र गुण नाहीत; मात्र पोशाख नियमबाह्य ठरल्यास किंवा त्याचा एखादा भाग बर्फावर पडल्यास गुण वजा होतात. पोशाखामुळे गुण मिळत नाहीत, पण जाऊ शकतात. या विषम स्थितीमुळे फिगर स्केटिंग हा प्रामुख्याने खेळ आहे की कला, हा जुना वाद वेशभूषेच्या संदर्भात वारंवार उपस्थित होतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या आरंभी महिला स्केटिंगपटू घोट्यापर्यंत येणारे स्कर्ट वापरत. १९०२ मध्ये लंडन येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ब्रिटनच्या मॅज सायर्स यांनी पुरुषांच्या बरोबरीने भाग घेऊन उल्रिक साल्खो यांच्या पाठोपाठ दुसरा क्रमांक मिळवला. त्यानंतर महिलांना या स्पर्धेत प्रवेश नाकारण्यासाठी जी कारणे पुढे आली, त्यांत लांब स्कर्टमुळे पंचांना पायांच्या हालचाली दिसत नाहीत, हेही एक होते. महिलांसाठी स्वतंत्र जागतिक स्पर्धा १९०६ मध्ये सुरू झाली.

१९२० च्या दशकात नॉर्वेच्या सोन्या हेनी यांनी गुडघ्याच्या वर येणारा स्कर्ट रूढ केला. त्यामुळे उडी व गिरकी घेणे सुलभ झाले आणि पायांची रेषाही स्पष्ट दिसू लागली. हेनी यांनी १९२८, १९३२ व १९३६ या सलग तीन हिवाळी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकले. पुढे ताणले जाणारे हलके कापड उपलब्ध झाल्यावर पोशाख शरीराच्या हालचालीशी अधिक एकरूप झाला.

वेशभूषा ही रचनेचाच भाग कशी होते, याचे ठळक उदाहरण म्हणून १९८४ च्या सारायेव्हो ऑलिंपिकमधील जेन टॉर्व्हिल व क्रिस्टोफर डीन यांच्या ‘बोलेरो’चा उल्लेख केला जातो. त्यांच्या पोशाखातील जांभळ्या रंगाच्या गडद-फिक्या छटा संगीतातील संथ चढाशी सुसंगत होत्या.

नियम आणि गुणदान

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या नियमांनुसार पोशाख शालीन, प्रतिष्ठित व क्रीडास्पर्धेस योग्य असावा. तो भडक किंवा नाटकी नसावा. संगीताचे स्वरूप त्यातून सूचित करण्यास मुभा आहे. छत्री, टोपी, काठी यांसारख्या वस्तू हाताळण्यास मात्र मनाई आहे. नियमभंग झाल्यास एक गुण वजा केला जातो. पीस किंवा अलंकरणाचा भाग बर्फावर पडल्यासही एक गुण जातो. ही तरतूद केवळ औपचारिक नाही, कारण वेगाने जाणाऱ्या पात्याखाली लहानसा मणी आल्यासही स्पर्धक पडू शकतो.

२०२२-२३ च्या हंगामापासून कार्यक्रमाच्या कलात्मक अंगाचे मूल्यमापन रचना, सादरीकरण व स्केटिंग कौशल्य या तीन घटकांखाली होते. वेशभूषा यांपैकी कोणत्याही घटकाचा निकष नाही. तरीही पंच सादरीकरण पोशाखासह पाहतात. त्यामुळे तिचा अप्रत्यक्ष प्रभाव पूर्णपणे वगळता येत नाही.

स्कर्टविषयक नियम (१९८८–२००४)

१९८८ च्या हंगामात पूर्व जर्मनीच्या काटारिना विट यांनी लघु कार्यक्रमात स्कर्ट नसलेला, कमरेभोवती केवळ पिसे लावलेला निळा पोशाख वापरला. त्याच हंगामात अमेरिकेच्या डेबी थॉमस यांनी संपूर्ण शरीर झाकणारा एकसंध पोशाख परिधान केला. त्यानंतर महिलांना नितंब व कंबर झाकणारा स्कर्ट सक्तीचा करण्यात आला. हा नियम ‘काटारिना नियम’ या नावाने ओळखला गेला. परिणामी कमी झाकणाऱ्या पोशाखाबरोबरच अधिक झाकणारा पोशाखही निषिद्ध ठरला. यावरून नियमाचा रोख शालीनतेइतकाच स्त्रीत्वाच्या रूढ प्रतिमेवरही होता, असे अनुमान काढता येते.

२००४ मध्ये एकल व जोडी विभागांतील महिलांना पँट व एकसंध पोशाखाची परवानगी मिळाली. आइस डान्समध्ये स्कर्टचे बंधन त्यानंतरही काही काळ टिकले, तर पुरुषांवरील पूर्ण लांबीच्या पँटचे बंधन कायम राहिले. सक्ती संपल्यावरही बहुसंख्य महिला स्कर्टच निवडतात. नियम बदलल्याने संकेत लगेच बदलत नाही, हे यातून दिसते.

सांस्कृतिक प्रतिनिधित्व

२००९-१० च्या हंगामात आइस डान्समधील मूळ नृत्यासाठी लोकनृत्य हा विषय होता. रशियाच्या ओक्साना दोमनिना व मॅक्सिम शाबालिन यांनी ऑस्ट्रेलियातील आदिवासी नृत्यावर आधारित रचना सादर केली. त्वचेच्या रंगाचे कापड, त्यावरील पांढरी चित्रे व पाने असलेल्या त्यांच्या पोशाखावर तेथील आदिवासी नेत्यांनी आक्षेप घेतला. व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये या जोडीने पोशाख सौम्य केला व कांस्यपदक मिळवले.

त्याच स्पर्धेत अमेरिकेच्या मेरिल डेव्हिस व चार्ली व्हाइट यांनी ‘देवदास’ व ‘बंटी और बबली’ या हिंदी चित्रपटांतील गीतांवर नृत्य केले. भारतीय धर्तीचा पोशाख व हस्तमुद्रा असलेल्या या रचनेचे भारतीय प्रेक्षकांत सर्वसाधारणपणे स्वागत झाले. या जोडीने रौप्यपदक जिंकले. दोन्ही रचना परक्या संस्कृतीवर आधारित होत्या. मात्र एकीत मूळ समाजाची परंपरा त्याच्या संमतीविना वापरली गेली, तर दुसरीचा आधार मुळातच सर्वांच्या मनोरंजनासाठी निर्माण झालेला लोकप्रिय चित्रपट होता. प्रतिसादातील फरक काही अंशी यामुळे असावा.

स्वतःच्या परंपरेतून वेशभूषा घडवण्याचे उदाहरण म्हणजे जपानच्या युझुरू हान्यू यांचा ‘सेइमेई’ हा कार्यक्रम. २०१८ च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवताना त्यांनी प्राचीन जपानी दरबारी वस्त्रावर बेतलेला, परंतु उड्यांसाठी हलका केलेला पोशाख वापरला.

पोशाखातील बिघाड

प्याँगचांग येथेच दक्षिण कोरियाच्या मिन यू-रा यांच्या पोशाखाचा मागील हूक सांघिक स्पर्धेत सुटला. पुढे फ्रान्सच्या गॅब्रिएला पापादाकिस यांच्या पोशाखाचे मानेवरील बंधनही लघु नृत्यात निसटले. दोघींनीही नृत्य पूर्ण केले. दुरुस्तीसाठी थांबल्यास पाच गुण वजा होण्याची तरतूद असल्याने थांबणे परवडणारे नव्हते. पापादाकिस व गियोम सिझरॉन यांचे सुवर्णपदक अखेर ०.७९ गुणांनी हुकले (२०६.०७ विरुद्ध २०५.२८). बिघाड झाला नसता तर निकाल बदलला असता, असे निश्चितपणे म्हणता येत नाही. तथापि शरीर उघडे पडण्याची भीती आणि गुणांचे नुकसान यांतून स्पर्धकाला चालत्या नृत्यात निवड करावी लागते, हे या प्रसंगांनी दाखवून दिले.

खर्च

अमेरिकेच्या नॅन्सी केरिगन यांनी १९९४ च्या ऑलिंपिकमध्ये वेरा वँग या वस्त्ररचनाकाराचा पोशाख वापरला. नामांकित रचनाकारांचा सहभाग पुढेही सुरू राहिला. हाताने खडे लावलेल्या पोशाखाची किंमत हजारो डॉलर असू शकते. बर्फाचे मैदान, प्रशिक्षण व प्रवास यांच्या खर्चात हा भार पडतो आणि तो बहुधा कुटुंबालाच उचलावा लागतो.

मूल्यमापन

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेल्या या खेळात वेशभूषेविषयीचे निर्बंध क्रमशः शिथिल झाले आहेत. मात्र ‘शालीन’ व ‘नाटकी’ या शब्दांची मोजता येईल अशी व्याख्या नाही आणि त्यांचा अर्थ पंचांच्या बहुमतावर अवलंबून राहतो. सुरक्षिततेशी निगडित नियमांचे समर्थन सहज करता येते. अभिरुचीशी निगडित नियमांविषयी मात्र मतभेद कायम आहेत, आणि त्यांचा भार आजवर महिला स्पर्धकांवर अधिक पडला आहे.