परवाना दिला, गंज कोणी काढायचा?



ज्वारी हुरड्यावर आली की रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभ्या पिकाचा सडा पाडतो. रोही कपाशीत शिरले की झाडेच मोडून पडतात. रखवालीला १९५९ च्या शस्त्र कायद्याने आपल्याला दिली ती ठासणीची बंदूक. एका बारानंतर दुसरे काडतूस आपोआप चढवणारी रायफल अमेरिकेतल्या शेतकऱ्याच्या घरी असते, आपल्या नाही. पण नियम दोघांनाही एकच. न पुसलेली बंदूक ऐन वेळी दगा देते.

हा धडा अमेरिकेच्या फौजेनेही घेतला आहे. व्हिएतनामच्या लढाईत जवानांना एम-१६ रायफली दिल्या. काडतुसातली दारू बदलली, नळीला आतून क्रोमचा मुलामा दिला नाही, पुसायचे साहित्यही पुरेसे दिले नाही. रायफली ऐन चकमकीत अडकल्या, जवान मेले. ठपका आला जवानांच्या आळसावर! १९६७ साली अमेरिकेच्या संसदीय समितीने चौकशी केली तेव्हा खरा दोष वरच्यांचा निघाला. मुलामा, साहित्य आणि शिकवण दिल्यावर तीच रायफल नीट चालू लागली.

आपल्याकडे वेगळे काय आहे? काळ्या दारूत साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. बार उडाल्यावर नळीत उरणारे क्षार हवेतला ओलावा ओढतात आणि लोखंड खातात. नुसते तेल फासून ते निघत नाहीत. बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, नळी गरम पाण्याने धुवा, फडक्याने कोरडी करा, मगच तेलाचा हात द्या. काडतुसातली बिनधुराची दारू ठासणीत कधीही भरू नका, नळी फुटते. बार उडाला नाही तर बंदुकीचे तोंड मोकळ्या रानाकडे धरून थांबा, नळीत डोकावू नका. आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय जनावर मारणे हा १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवा.

एवढे आपले काम. ते आपणच करायचे. पण घोडा ढिला झाला तर काय करायचे? बिनपरवाना दुरुस्ती हा गुन्हा, म्हणून गावचा लोहार हात लावत नाही. परवान्याचा कारागीर तालुक्याला शोधून सापडत नाही. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा. तिथे तिला तेल कोण लावणार? परत मिळते तेव्हा तिला गंज चढलेला. अशी बंदूक डुकरापेक्षा धन्यालाच जास्त धोक्याची.

सरकारकडे आम्ही भीक मागत नाही. परवाना सरकार देते, फी सरकार घेते, तर तीन गोष्टी सरकारने केल्याच पाहिजेत. एक, वर्षातून एकदा बाजाराच्या दिवशी तालुक्याला परवानाधारक कारागिरामार्फत तपासणी. दोन, बंदूक जमा करताना तिची स्थिती लिहिलेली पावती, आणि बिघडली तर भरपाई. तीन, निवडणुकीत सरसकट जमा नको. ज्याच्यावर गुन्हे आहेत त्याची खुशाल घ्या.

जिल्हा मेळाव्याला येताना परवान्याची नक्कल आणा. गंजलेल्या बंदुकांची गावनिहाय यादी करू आणि कलेक्टरच्या टेबलावर ठेवू.