दूरचें दुःख व आपले हात

दि. ६ फेब्रुवारी २०२३ रोजीं पहाटे तुर्कस्तानच्या दक्षिण भागांत व लगतच्या सीरिया देशांत जो भूकंप झाला, त्यांत पन्नास हजारांहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. आमच्या पणजोबांच्या काळीं परदेशचें असें वर्तमान खेड्यांत येईपर्यंत महिने लोटत. या वेळीं मात्र ढिगाऱ्याखालून ओढून काढलेलीं मुलें कुरुंद्याच्या ओसरीवर बसून त्याच दिवशीं मोबाइलवर पाहतां आलीं. दृष्टि तेथवर पोहोंचली. हात येथेंच राहिले. त्यामुळें मनास जी असहायता ग्रासते, तिजविषयीं आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस कांहीं सांगावेंसें वाटतें.

मराठवाड्यास हीं चित्रें परकीं नाहींत. दि. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणपतिविसर्जन करून लोक निजले असतां, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनीं किल्लारी व आसपासचीं गांवें कोसळलीं, आणि हजारों माणसें अंथरुणांतच गेलीं. तेव्हां परदेशांत कोणी अनोळखी गृहस्थ आपल्याकडे पाहून असाच हतबल बसला असेल.

अशा प्रसंगीं मुलांस तीं चित्रें दाखवावीं कीं नाहीं, असें पालक विचारतात. आमचें मत असें कीं, एकदां दाखवावीं, नकाशांत तें स्थळ काढून द्यावें, घरें कां पडलीं तें समजावून सांगावें, व मग यंत्र बंद करावें. तेंच दृश्य दहादां पाहिल्यानें तेथील एक वीटही हलत नाहीं. पाहणाराचें मन मात्र निबर होतें. आणि आपण पुष्कळ हळहळलों, म्हणजे कांहीं तरी केलें, असा खोटा संतोष त्यास होऊं लागतो. "आपल्यास काय त्याचें?" म्हणून पाठ फिरविणारा मनुष्य निदान स्वतःस फसवीत नाहीं. अर्थात् त्याचीही आम्ही स्तुति करीत नाहीं.

१९०० सालीं हिंदुस्थानांत घोर दुष्काळ असतां न्यूयॉर्क बंदरांतून मक्यानें भरलेलें 'क्विटो' नांवाचें जहाज मुंबईस आलें. 'ख्रिश्चन हेरल्ड' या तिकडील साप्ताहिकाच्या वाचकांनीं वर्गणी जमवून तो मका घेतला होता. एका जहाजानें दुष्काळ हटला नाहीं. त्या वर्षीं लाखों लोक मेले. वर्गणी देणारांनीं आपला देश कधीं पाहिला नव्हता, व आपला दाणा कोणाच्या मुखीं पडला हें त्यांस कळण्याचा संभवही नव्हता. तरी कित्येक चुलींवर तो मका शिजला. विश्वासू संस्थेच्या हातीं दिलेले थोडे रुपये आजही तेवढेंच करितात. त्याहून अधिकाची अपेक्षा धरूं नये, आणि तेवढ्यासाठीं लाजूंही नये.

यावर कोणी तरतरीत विद्यार्थी म्हणेल कीं, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं चीनला गेलेच कीं नाहीं? गेले खरे. जपानच्या आक्रमणानें तो देश जळत असतां आणखी चार डॉक्टरांबरोबर ते निघाले, जखमी सैनिकांची शुश्रूषा करितां करितां झिजले, व ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, तेथेंच वारले. परंतु हेंही ध्यानांत आणावें कीं, जहाजावर चढण्यापूर्वीं ते वैद्यक शिकलेले होते. २०२३ सालीं आपल्या सरकारनें तुर्कस्तानांत जीं बचाव पथकें व जें लष्करी रुग्णालय धाडलें, त्यांतील माणसांनींही कित्येक वर्षें सराव केलेला होता. नुसती कळकळ घेऊन गेलेला मनुष्य तेथील अन्नपाण्यांत वांटेकरी मात्र होतो. सोळाव्या वर्षीं हात रिकामे असणें हें पाप नव्हे. चाळिसाव्या वर्षींही ते तसेच राहिले, तर तो प्रश्न वेगळा.

शिवाय एक काम असें आहे कीं, त्यास शिक्षणही फारसें लागत नाहीं. किल्लारीस माणसें मेलीं तीं मुख्यतः आपल्याच घराखालीं: मातींत रचलेल्या गोट्यांच्या जाड भिंती, आंतल्या व बाहेरच्या थरांस जोडणारे आरपार दगड नाहींत, आणि वर माळवदाचा भार. तुर्कस्तानांत घरें सिमेंट-लोखंडाचीं होतीं. पण नियम डावलून बांधलेलीं पुष्कळ इमारतें पत्त्यांप्रमाणें बसलीं. आणि आपल्याच वसमत तालुक्यांत पांगरा शिंदेच्या बाजूस जमिनींतून आवाज येतात. २०२४ सालीं मार्चांत व पुनः जुलैंत हिंगोली जिल्ह्यास ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. मार्चच्या धक्क्यानंतर, पत्र्याच्या छपरांवर वाऱ्यासाठीं ठेवलेले दगड काढावे, अशी सूचना प्रशासनानें केली होती. तुर्कस्तानच्या मुलांसाठीं ज्या घरांत डोळे पुसले गेले, त्यांतील कित्येकांच्या पत्र्यांवर ते दगड अजून आहेत. त्यांच्याच खालीं आपलीं मुलें निजतात. ते उतरविण्यास एक शिडी व दोन माणसें लागतात.