नावे दोन, गुण एक?

प्रकल्पासाठी मी ‘आत्मविश्वास’ आणि ‘आत्मसन्मान’ अशा दोन प्रश्नावल्या केल्या. उत्तरे जुळ्या भावंडांसारखी निघाली! निराळे नाव दिले म्हणून गुण निराळा ठरत नाही. भेद सिद्ध करावा लागतो, हे कॅम्पबेल व फिस्के यांनी १९५९ मध्येच बजावले. हीच विभेदक सप्रमाणता.

संरचनात्मक समीकरणे मांडताना आपण फोर्नेल-लार्कर यांची १९८१ ची कसोटी डोळे झाकून लावतो. ती हा गोंधळ पुष्कळदा पकडत नाही, असे हेन्सेलर व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले. परक्या प्रश्नांशी असलेले नाते भागिले आपल्या प्रश्नांमधले नाते, हे त्यांचे गुणोत्तर ०.८५, फार तर ०.९० च्या खाली हवे.

पण आकडा म्हणजे विचार नव्हे. आधी प्रश्न वाचावेत, मग गणित करावे. मी एक प्रश्नावली मागे घेतली. प्रकल्प लहान झाला, पण खरा झाला!